कयाकवरून गरवण्याची नोंदवही: नेमकं काय लिहावं?

खाडीकाठ (प्रश्न; ही आणि पुढची शीर्षकं म्हणजे चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं)

वाघोटण खाडीत, विजयदुर्गाच्या तोंडापासून आत खाजणांपर्यंत, वल्ह्याच्या साध्या सिट-ऑन-टॉप कयाकवरून गरवतो, म्हणजे गळाने मासे पकडतो. मुख्य मासे तांबोशी, जिताडा आणि गोबरा. अधूनमधून कोकर, टोळ, शिंगाळा. नोंदवही आहे. त्यात तारीख, जागा, मासा, वजन, ल्यूर (खोटं आमिष) एवढे रकाने आहेत. पण वर्षभराच्या नोंदी चाळूनही पुढच्या रविवारी कुठे आणि किती वाजता जावं, याचं उत्तर त्यातून निघत नाही. म्हणजे रकानेच चुकलेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाण्यावर असताना हात ओले, एका हातात वल्हं, अशा वेळी नोंद करायची कशी? भरतीची नोंद घड्याळाने ठेवावी, तिथीने की आणखी कशाने? आणि हलत्या कयाकवर मासा भरवशाने मोजता येईल अशी पद्धत कोणती?

वल्हं

तुमच्या रकान्यांत सगळ्यात मोठी उणीव ही की त्यात फक्त मिळालेले मासे आहेत. रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्या आणि प्रत्येक जागी घालवलेला वेळ त्यात नाही. अमुक खडपावर (पाण्यातल्या खडकावर) आठ तांबोश्या आणि तमुक खडपावर तीन, यावरून काहीच कळत नाही. पहिल्या जागी चाळीस तास ल्यूर पाण्यात होता आणि दुसऱ्या जागी सहा, तर दुसरी जागा कितीतरी सरस. म्हणून शून्याची नोंद माशाच्या नोंदीइतक्याच काळजीने ठेवा.

एक्सेल किंवा गुगल शीट घ्या आणि तीन पानं करा. पहिलं पान फेरीचं: फेरी क्रमांक, तारीख, कयाक पाण्यात लोटल्याची आणि परतल्याची वेळ, वारा, पाण्याचा गढूळपणा. दुसरं पान टप्प्याचं. एका जागी एका पद्धतीने जेवढा वेळ गरवलं तो एक टप्पा, म्हणजे एक ओळ. त्यात टप्पा क्रमांक, फेरी क्रमांक, जागेचं ठरलेलं नाव, पद्धत (कास्टिंग म्हणजे ल्यूर लांब फेकून ओढणं, जिगिंग म्हणजे खाली सोडून वर-खाली झटके देणं, ट्रोलिंग म्हणजे चालत्या कयाकमागे ओढत नेणं), किती रॉड, सुरुवात, शेवट, किती मासे, किती हुकले. मासा लागला तर त्याची स्वतंत्र ओळ तिसऱ्या पानावर, टप्पा क्रमांकासकट. वेळ मोजताना ल्यूर पाण्यात असेल तेवढाच धरा. दोन रॉड लावून तासभर ट्रोलिंग केलं तर ते दोन रॉड-तास. रॉड आडवे ठेवून नुसतं वल्हवलं तर शून्य.

हुकलेल्या झटक्यांचा रकाना टाळू नका. मासे जागेवर आहेत पण गळ लागत नाही, आणि मासेच नाहीत, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. पहिल्यात गळ, ल्यूरचा आकार किंवा लीडर (ल्यूरजवळचा दोर) बदलायचा, दुसऱ्यात जागा.

आता पाण्यावरची नोंद. तिथे लिहायचं कमीत कमी. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, पाऊच लाइफ जॅकेटला दोरीने बांधलेला. मासा लागला की ठरल्या क्रमाने तीन फोटो: मोजपट्टीवरचा मासा, फिश फाइंडरचा (पाण्याखालचे मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्राचा) पडदा, तोंडातून काढलेला ल्यूर. फोटोत वेळ आणि ठिकाण आपोआप साठतं, बाकीचं घरी भरता येतं. ओल्या पाऊचवर टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून कॅमेरा आवाजाच्या बटणाने चालेल अशी सेटिंग किनाऱ्यावरच करून घ्या. निघताना लोकेशन चालू करून आकाश मोकळं असलेल्या जागी दोन मिनिटं थांबा, नाहीतर पहिल्या फोटोचं ठिकाण भलतीकडे पडतं.

टप्पा सुरू झाला किंवा संपला की साधा फोटो पुरे, समोरच्या खडपाचा किंवा तिवरांच्या कडेचा. मासा न मिळालेल्या जागेचा वेळ असाच टिपला जातो.

फोन बंद पडला तर हाताशी असावी म्हणून पांढऱ्या पीव्हीसीची छोटी पाटी आणि दोरीला बांधलेली २बी पेन्सिल. ओल्या पीव्हीसीवर पेन्सिल उमटते, बॉलपेन चालत नाही. घरी राखेने किंवा भांड्यांच्या घासणीने पुसून टाकता येते.

फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवून साठवू नका. तिथून फोटो आकसून जातो आणि त्यातली ठिकाणाची माहिती उडते. केबलने किंवा ड्राइव्हवर मूळ फाइलच उतरवा. उलट, मूळ फाइल जशीच्या तशी कुणाला दिली तर तुमचं खडप नकाशावर उघडं पडतं. देण्याआधी लोकेशन काढून टाका.

उधाणभांग

भरतीबद्दल. घड्याळाची वेळ आपोआप साठतेच, पण तुलना करायची ती पूर्ण भरतीपासूनच्या अंतराने. पूर्ण भरतीच्या दीड तास आधी मासा लागला तर ‘भ −१:३०’, दोन तासांनी लागला तर ‘भ +२:००’. भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘सकाळी आठ’ या नोंदीला आठवड्याभराने काही अर्थ उरत नाही.

तिथीचा रकाना ठेवा, पण त्याच्यावर निष्कर्ष काढताना सांभाळा. इथे बहुतेकांच्या नोंदी फसतात. किनाऱ्यावर चालत आलेला हिशेब सगळ्यांना माहीत आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा. विजयदुर्गाला मुंबईपेक्षा भरती थोडी आधी येते, पण चाल तीच.

आता समजा तुम्ही नेहमी सकाळी सहा ते दहा जाता. पौर्णिमेला किंवा अमावस्येला त्या चार तासांत पाणी कायम चढतं असणार, तेही उधाणाचं, जोराचं. अष्टमीला त्याच वेळात पाणी कायम उतरतं असणार, तेही भांगाचं, मंद. नोंदवही सांगेल की पौर्णिमेला तांबोशी लागते. पण ते चंद्रामुळे, चढत्या पाण्यामुळे, की नुसत्या ओढीच्या (प्रवाहाच्या) जोरामुळे? सकाळच्या फेऱ्या शंभर केल्या तरी या तिन्ही गोष्टी वेगळ्या होणार नाहीत, कारण तुमच्या वेळापत्रकात त्या कायम एकत्रच येतात.

सोडवायचं असेल तर त्याच तिथीला दुपारी जा. पौर्णिमेला दोन ते पाच या वेळात उधाणाची ओहोटी मिळते, अष्टमीला भांगाची भरती. चार प्रकार झाले: जोराची भरती, जोराची ओहोटी, मंद भरती, मंद ओहोटी. प्रत्येकात थोडे रॉड-तास जमले की मगच आकडे बोलायला लागतात. मात्र दुपारच्या फेऱ्या आतल्या भागात करा. दुपारी खारे वारे वायव्येकडून जोर धरतात, आणि तोंडावर उधाणाची ओहोटी त्यांच्यासमोर आली की लाट आखूड आणि उभी होते. कयाकला ती जागा धोक्याची आहे, मासा कितीही लागत असो.

भरतीची वेळ नुसत्या पाऊणपटीवर सोडू नका. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि ते तिथीच्या हिशेबात येत नाही. भरतीच्या तक्त्यातून वेळ आणि मीटरमधली उंची दोन्ही उतरवा. लागोपाठच्या भरती आणि ओहोटीच्या उंचींची वजाबाकी म्हणजे पाण्याचा चढ-उतार. ‘उधाण’ किंवा ‘भांग’ लिहिण्यापेक्षा तो आकडाच लिहा.

दुसरी अडचण खाडीची. तक्त्यातली वेळ तोंडाजवळची असते, आत जाल तसतशी भरती उशिरा पूर्ण होते. किती उशिरा, ते तुमच्या जागेवर मोजावं लागेल. धक्क्याचा खांब किंवा रोवलेली काठी घ्या, तक्त्यातल्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून दर १० मिनिटांनी पाण्याची रेघ टिपा, पाणी स्पष्ट उतरायला लागेपर्यंत. उधाणाला एकदा आणि भांगाला एकदा मोजा, कारण दोन्हींचा उशीर सारखा असेलच असं नाही. तेवढी मिनिटं त्या जागेच्या नावापुढे कायमची लिहून ठेवा.

आणि पातळी व ओढ हे दोन वेगळे रकाने करा. पाणी उतरायला लागलं तरी काही ठिकाणी ओढ थोडा वेळ आतच असते. तांबोशी आणि गोबरा खडपाच्या आडोशाला ओढीकडे तोंड करून बसतात, म्हणून ल्यूर कुठल्या बाजूने आणायचा ते ओढीवरून ठरतं. ओढ कळायला कयाक सोडून द्या आणि जीपीएसवर वेग बघा. वारा असेल तर कयाक वाऱ्यानेही वाहते, तेव्हा पाण्यावरचा पालापाचोळा पाहा.

फूटपट्टी

मोजण्याबद्दल. कयाकवर वजन करायच्या भानगडीत पडू नका, लांबी मोजा. लटकत्या काट्यावर मासा हलतो, कयाक हलते, आकडा स्थिर होत नाही, आणि जिवंत मासा जबड्याने टांगला की त्याला इजा होते ती वेगळीच.

मोजपट्टी घरी होते. ११० मिमीचा पीव्हीसी पाईप एक मीटर लांब घ्या, उभा चिरून अर्धा करा. एका टोकाला आडवी फळी स्क्रूने पक्की बसवा. माशाचं तोंड या फळीला टेकवायचं. शून्याची खूण फळीच्या आतल्या बाजूला आली पाहिजे. बाहेरच्या बाजूपासून मोजलं तर फळीच्या जाडीइतकी चूक प्रत्येक माशात शिरते. सेंटिमीटरच्या रेघा तापवलेल्या सुईने किंवा करवतीच्या पात्याने कोरा, आणि दर १० सेंटिमीटरला ठळक करा. मार्करची शाई उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने जाते. मोकळ्या टोकाला भोक पाडून दोरी बांधा, पीव्हीसी बुडतं.

वापरताना पट्टी आधी पाण्याने ओली करा. मासा तोंड मिटवून फळीला टेकवा, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून जवळ आणा, सगळ्यात लांब टोकाची लांबी घ्या. कोकरासारख्या दुभंगलेल्या शेपटीच्या माशाला काही लोक बेचक्यापर्यंत मोजतात. काहीही चालेल, पण एकदा ठरवा आणि पानाच्या डोक्यावर लिहा. फोटो पट्टीच्या बरोबर वरून, तिरपा नको.

एका सेंटिमीटरची चूक क्षुल्लक वाटते, पण वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. ४० ऐवजी ४१ वाचलं तर वजनाच्या अंदाजात जवळजवळ ८ टक्के फरक.

वजन हवंच असेल तर शिंप्याची टेप माशाच्या सगळ्यात जाड भागाभोवती फिरवून घेर घ्या. लांबी गुणिले घेराचा वर्ग, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले २९,०००, म्हणजे किलो. ६० सेंमी लांब आणि ३८ सेंमी घेराचा जिताडा साधारण ३ किलो. टोळासारख्या सडपातळ माशाला हे सूत्र लावू नका. ठेवलेला मासा घरी वजन केला की अंदाज आणि प्रत्यक्ष दोन्ही लिहा, म्हणजे तुमच्या खाडीतल्या माशांना कुठला भाजक बसतो ते कळेल.

ठेवला की सोडला, गळ ओठात की घशात, अंडी होती का, हे तीन रकाने माझ्या मते सक्तीचे आहेत. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे काढत राहिलं की खाडीतल्या अंडी घालणाऱ्या माद्याच संपतात. लांबीचा रकाना भरलेला असला की हे स्वतःच्या वहीतच दिसतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत, त्यातली आपल्या माशांची यादी मोजपट्टीवरच चिकटवा.

वल्हं

गढूळपणाचं राहिलं. ‘स्वच्छ’, ‘मध्यम’ असं लिहू नका, दर महिन्याला अर्थ बदलतो. डब्याचं २० सेंमीचं पांढरं झाकण घ्या, खाली शिसं बांधा, दोरीला दर २५ सेंमीवर गाठ. सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनासं झालं की गाठी मोजा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ल्यूरच्या रंगाबद्दलचे निम्मे वाद त्याने मिटतात. फिश फाइंडरवरचं तापमान लिहा, पण ते वरच्या थराचं आहे हे लक्षात असू द्या. पावसानंतर गोडं पाणी वर तरंगतं आणि खाली खारं वेगळ्याच तापमानाचं असतं.

वाऱ्याचे रकाने दोन ठेवा: इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) अंदाज आणि प्रत्यक्ष. काही महिन्यांत कळतं की किती मीटरच्या लाटेचा अंदाज असला की तुमच्या खाडीच्या तोंडावर कयाक नेऊ नये. परतीची ठरलेली वेळ निघण्याआधी भरा आणि त्या ओळीचा फोटो घरी पाठवा.

खाडीकाठ

दोन शंका. लहान कोकरांची टोळी लागली तर प्रत्येकाची वेगळी ओळ करायची का? आणि जुन्या वहीतल्या नोंदी यात घालाव्यात का?

वल्हं

टोळीची एकच ओळ: संख्या, सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा. रॉड-तासांच्या हिशेबात मात्र टोळी वेगळी काढा, नाहीतर एका दुपारच्या कोकरांमुळे ती जागा वर्षभर पहिल्या नंबरावर दिसत राहील.

जुन्या नोंदींत रिकाम्या फेऱ्या नाहीत, त्यामुळे त्या नव्या पानांत मिसळू नका. तारीख आणि वेळ असेल तर भरतीचा तक्ता काढून ‘भ’ चा आकडा भरता येईल. वेगळ्या पानावर ठेवा, आणि त्यातून फक्त एवढंच बघा की कुठल्या जागी कुठला मासा कधी तरी मिळालाय.