सातव्या महिन्यातले फोटो: घरातच काढा, मरीन ड्राइव्हवर नको

खिडकीपाशी:
मला 30वा आठवडा चालू आहे. फोटोंचा विषय निघाला की जो तो एकच सांगतो, घेरदार गाऊन भाड्याने घे आणि सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह गाठ. गिरगावात राहते, चालत जाऊ शकते, तरी जाणार नाही.
आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. साडेआठला ऊन ओट्यावर उतरतं. तिथे मी चहा टाकते, आणि हल्ली पोट ओट्याला लागतं म्हणून तिरकी उभी राहते. मला ते तिरकं उभं राहणं फोटोत हवंय, अंगावर आईची मऊ पडलेली सुती साडी. अनोळखी गर्दीसमोर पोट धरून हसणं मला खोटं वाटतं. असे फोटो घरातच काढावेत.

दहा_बाय_बारा:
खिडकीत ऊन येणाऱ्यांनी हे म्हणावं. करी रोडला आम्ही पाच जण एका खोलीत राहतो. समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत, दिवसाही ट्यूब लावावी लागते. सासरे कॉटवर, दीर रात्रपाळी करून आलेला. तिथे कुणासमोर उभी राहू?
लग्न झाल्यापासून आम्ही दोघं मनातलं बोललो ते मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून. बाळाची बातमीही मी ह्यांना तिथेच सांगितली. तुम्हाला जी गर्दी वाटते, तिच्यातच आम्हाला एकांत मिळतो. त्याला खोटं म्हणू नका, फार लागलं.

दादरचा_कॅमेरा:
बारा वर्षं फोटो काढायचं काम करतोय. माझं मत बाहेरच्या बाजूने, पण सूर्यास्ताला नाही. समुद्र पश्चिमेला, तेव्हा संध्याकाळी सूर्य पाठीशी घेतला की चेहरा काळा पडतो आणि समोर घेतला की डोळे बारीक होतात. पहाटे जा. सूर्य इमारतींच्या मागे असतो, प्रकाश मऊ आणि सारखा पडतो. 28 ते 34 आठवड्यांत उरका, जुळं असेल तर आणखी लवकर, आणि डॉक्टरांना विचारून. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर मी कुणालाच उतरवत नाही, शेवाळ असतं. पाठीवर सपाट झोपवायचं तर मुळीच नाही, पोटाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येऊ शकते. कुशीवर वळवा. उद्यानात जाणार असाल तर परवानगीचं आधी विचारा, मोठा कॅमेरा दिसला की वॉचमन अडवतो.
आणि खिडकीपाशी, ओट्यावरच्या बरण्या आवरू नका. त्या राहू द्या.

मुलुंडची_आजी:
खोटं खोटं काय लावलंय? 1978 साली माझ्या डोहाळजेवणाचा एकच फोटो निघाला, तोही स्टुडिओत. मागे रंगवलेला चंद्र, हातात धनुष्यबाण, अंगावर मोगऱ्याची वाडी. सगळं नटवलेलं. पण ती वाडी माझ्या जाऊबाई पहाटेपासून गुंफत बसल्या होत्या. आज त्या नाहीत. माझी लेक अजून तोच फोटो काढून बघते. नटण्यात खोटं काही नसतं गं, हौस करून घ्या.

खिडकीपाशी:
दहा_बाय_बारा, मनापासून माफी मागते. स्वतःच्या खिडकीच्या पलीकडे मी पाहिलंच नाही. ‘घरातच’ आणि ‘खोटं’ हे दोन्ही शब्द मागे घेते.
आजी, वाडी हौसेने माळेन, तुमच्या जाऊबाईंसारखी कुणी गुंफून दिली तर. पण भाड्याच्या गाऊनबद्दल मत बदलत नाही. माझ्या मावसबहिणीचे दोन तास त्याची शेपूट सावरण्यात गेले, पाय सुजले, आणि एकाही फोटोत ती तिच्यासारखी दिसत नाही.

दहा_बाय_बारा:
माफी कशाला, ताई. गाऊन मीही घालणार नाही. रोजचा पंजाबी ड्रेस आणि वर ह्यांचा कारखान्याचा निळा शर्ट, सध्या तोच एक पोटावर सैल बसतो. रविवारी पहाटेची टॅक्सी सांगितली आहे. आमच्या नेहमीच्या जागी चहावाला बसतो, तो तेवढ्या लवकर येतो का, हे आज ह्यांना बघून यायला सांगितलंय.