टोरंटोहून पीटरबरो: लिफ्ट लॉक आणि कातळावरची चित्रं एका दिवसात होतील का?

मुलुंडकर_७८: ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन भावाकडे ब्रॅम्प्टनला चाललोय. बाबांची नोकरी सगळी पाणीखात्यात गेली, त्यांना ट्रेंट-सेव्हर्न कालवा आणि त्यावरचं पीटरबरोचं लिफ्ट लॉक (होड्या पाण्यासकट वर-खाली नेणारा पाळणा) बघायचंय, आणि आईला तिथल्या आदिवासींची कातळावर कोरलेली चित्रं. एका दिवसात जमेल का? आईचे गुडघे दुखतात.

केतकी_पार्ले: जमेल की, पण पहाटे निघा आणि आधी पेट्रोग्लिफ्स पार्क गाठा, ते पीटरबरोच्याही पुढे आहे साधारण ५५ किमी. पांढऱ्या संगमरवरी खडकावर ९०० च्या वर आकृत्या आहेत, कासवं, साप, पक्षी, होड्या, आणि पाऊस-बर्फाने झिजू नयेत म्हणून १९८४ पासून वर इमारत बांधलीय, आतल्या आत खडकाभोवती फिरता येतं. फोटोला सक्त मनाई आहे, अनिशिनाबे या तिथल्या मूळ रहिवाशांची ती आजही पवित्र जागा आहे, तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा. पार्क वर्षभर उघडं नसतं, वेळा बघूनच निघा. डबा सोबत घ्या.

दादरचा_पंप्या: बाबांसाठी लिफ्ट लॉकला निवांत वेळ ठेवा!! दोन अवाढव्य हौद एकमेकांना तोलून धरलेत, वरच्यात ३० सेंमी पाणी जास्त घेतात, तेवढ्या वजनाने तो खाली येतो आणि दुसरा होड्यांसकट जवळजवळ २० मीटर वर चढतो, उचलायला पंप नाही की मोटर नाही, आणि हे १९०४ पासून चालू आहे. एक अख्खी फेरी बघितल्याशिवाय हलू नका.

केतकी_पार्ले: अजून एक, हे मला फार लागलं म्हणून सांगते. ३८६ किमीचा हा ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग १९२० ला पूर्ण झाला, पण बंधाऱ्यांनी तलावांचं पाणी चढलं आणि अनिशिनाबे लोकांचा मनोमिन, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा जंगली तांदूळ, कितीतरी ठिकाणी बुडाला. होडीत बसून काठीने कणसं वाकवायची आणि दाणे होडीतच झोडायचे अशी कापणी असते, काहीजण आता परत पेरतायत. आपल्या शहापूरला मुंबईला पाणी देणारी तानसा-भातसा धरणं उशाशी असून पाड्यांवर टँकर येतो, ते ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून नुसतं लॉक बघून परत फिरू नका, कर्व्ह लेक या अनिशिनाबे वस्तीत वेटंग सेंटर या त्यांच्या कलावस्तूंच्या दालनात जा, बर्चच्या सालीवर साळिंदराच्या काट्यांचं काम केलेल्या डब्या बघा, जमलं तर तिथल्या माणसांशी बोला.

मुलुंडकर_७८: मग दोन दिवस करतो, रात्री पीटरबरोलाच राहू. थँक्स ताई, थँक्स दादा.