पर्यावरण अभियंत्याने विद्यापीठाच्या प्रशासनात जावे का?

निर्झर (प्रश्न)
सांडपाण्याच्या जैविक शुद्धीकरणावर 18 वर्षे संशोधन व अध्यापन केल्यानंतर मला अभियांत्रिकीच्या अधिष्ठातापदाविषयी विचारणा झाली आहे. पद मानाचे आहे. परंतु प्रयोगशाळेत जे शिकलो त्याचा तेथे खरोखर उपयोग होतो, की ते केवळ स्वागताच्या भाषणापुरते उरते, हे या वाटेने गेलेल्यांकडून जाणून घ्यायचे आहे.

संथप्रवाह
वाट नवी नाही. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या सेंद्रिय द्रवांमुळे होणाऱ्या भूजलप्रदूषणाच्या अभ्यासक लिंडा ॲब्रिओला 2003 ते 2015 या काळात अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात अभियांत्रिकीच्या अधिष्ठाता होत्या. तेथीलच पर्यावरण अभियंते डोमेनिको ग्रासो हे स्मिथ या महिला महाविद्यालयातील अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचे संस्थापक संचालक, व्हरमाँट विद्यापीठात अधिष्ठाता, डेलावेअर विद्यापीठात प्रोव्होस्ट (मुख्य शैक्षणिक अधिकारी), 2018 पासून मिशिगन विद्यापीठाच्या डिअरबॉर्न शाखेचे चान्सलर (शाखाप्रमुख) आणि 2025 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे हंगामी अध्यक्ष झाले. मला यातला स्मिथचा टप्पा सर्वांत बोलका वाटतो, कारण तेथे अभ्यासक्रमच नव्याने उभा करायचा होता.

माजी अधिष्ठाता
उपयोग होतो, पण आपण समजता तेथे नाही. आत किती आले, बाहेर किती गेले आणि साठले किती, हा वस्तुमान संतुलनाचा हिशेब अंदाजपत्रकाला लागू पडतो खरा. तो कोणताही चांगला लेखापाल आपल्याला शिकवील. मला कामी आले ते गाळाचे वय, म्हणजे जिवाणूंचा गाळ शुद्धीकरणाच्या टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते. नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात आणि टाकीतला गाळ घाईने काढत राहिलो तर ते जम बसण्याआधीच वाहून जातात. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीचा, म्हणजे पाण्यात सेंद्रिय घाण किती उरली हे दाखवणारा आकडा तेवढा समाधानकारक दिसतो आणि अमोनिया मात्र तसाच बाहेर पडतो. दरवर्षी शोधनिबंध मोजून निधी कापणाऱ्या विद्यापीठात उशिरा फळ देणारे विषय असेच आधी नाहीसे होतात आणि वार्षिक अहवाल मात्र देखणा दिसतो. आमच्याकडे विभागांचा आढावा तीनऐवजी सहा वर्षांनी घ्यावा, एवढे मान्य करून घेण्यात माझी दोन वर्षे गेली. जिवाणू निदान इतिवृत्तावर हरकत घेत नाहीत.

तळटीप
उपमा चांगली असली तरी एक फरक उरतोच. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी कसे असावे, याची मानके आधीच ठरलेली असतात. विद्यापीठातून काय बाहेर पडावे यावरच मुळात एकमत नसते, आणि अधिष्ठात्याचा बहुतेक वेळ त्या वादात जातो. नेमक्या उत्तराची सवय असलेल्या अभियंत्याला हेच सर्वाधिक जड जाते.

निर्झर
आभारी आहे. प्रयोगशाळा टिकते का?

माजी अधिष्ठाता
आपोआप टिकत नाही. पद स्वीकारण्यापूर्वी आठवड्यातील एक दिवस संशोधनासाठी लेखी मागून घ्यावा आणि विद्यार्थ्यांना सहमार्गदर्शक मिळवून द्यावा. मी तो दिवस तोंडी ठरवला होता. पहिल्या सत्रानंतर तो मला परत मिळाला नाही.