शिफारसपत्र लगेच मिळते, तरतूद मिळत नाही : गंभीर आजारी मुलांच्या पालकांचे अनुभव

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसे रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार आहे आणि ती ८ महिन्यांची असल्यापासून दर २१ दिवसांनी तिला रक्त द्यावे लागते. थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य मिळते, पण खर्च तिथे संपत नाही. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठत जाते, ते बाहेर काढणारी गोळी रोज द्यावी लागते, लोहाचे प्रमाण पाहण्यासाठी फेरिटिनची तपासणी करावी लागते आणि पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर नसेल तर अनेकदा ताप येतो.

चार वर्षांपूर्वी मी आमच्या आमदारांना पहिल्यांदा भेटले, तेव्हा त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि दहा मिनिटांत शिफारसपत्र हातात दिले. त्या पत्राचा उपयोगही झाला. परंतु बाहेर पडताना व्हरांड्यात तसेच पत्र हाती घेऊन बसलेल्या आणखी दोन आया दिसल्या. दोघींची मुले थॅलेसेमियाची होती आणि आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो. त्या दिवसापासून हे मनात घर करून राहिले आहे की, एकेका मुलासाठी एकेक पत्र मागत राहिलो तर पत्रांची संख्या वाढेल, सोय उभी राहणार नाही. पुढच्या वेळी आम्ही सात कुटुंबे मिळून गेलो. मुलांसाठी वेगळी खोली, फिल्टर आणि तपासणी अशा तीन मागण्या मांडल्या. आमदारांनी विचारले, “ताई, हे कोणत्या लेखाशीर्षातून करायचे?” लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातील ज्या सदराखाली खर्च दाखवला जातो ते. आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे १० मतदारसंघ आहेत आणि लोकसभेचे २. आपल्यापैकी ज्यांनी आपल्या मुलाच्या आजारासाठी, विशेषतः सर्व मुलांच्या उपचारांच्या निधीसाठी, लोकप्रतिनिधींची भेट घेतली आहे, त्यांनी काय मागितले, काय उत्तर मिळाले आणि पुढे काय झाले, हे सविस्तर लिहावे. ज्यांच्या हाती काहीच लागले नाही, त्यांनीही अवश्य लिहावे. मुलांची, डॉक्टरांची आणि लोकप्रतिनिधींची नावे मात्र देऊ नयेत.

राधानगरी तालुक्यातील एक शेतकरी वडील

आमच्या मुलाच्या हृदयाला छिद्र आहे, हे आम्हाला अंगणवाडीत तपासणीसाठी आलेल्या पथकामुळे समजले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यातील पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. त्या मॅडमनी मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, पुन्हा ठेवला आणि माझ्या बायकोला विचारले, “दूध पिताना ह्याला घाम येतो का?” तो येत होता. आम्हाला वाटत होते, पोरगे अंगाने जड आहे म्हणून घाम येतो. पुढील शस्त्रक्रिया मोफत झाली. आज तो तिसरीत आहे आणि भाताच्या खाचरातून पळतो.

मी आमदारांकडे गेलो ते माझ्या मुलासाठी नव्हे. ज्या मॅडमनी ते छिद्र शोधले, त्या कंत्राटी होत्या आणि पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक राहील की नाही, हे त्यांनाच ठाऊक नव्हते. डोंगरातील वाड्यावस्त्यांवर पथक गेले नाही, तर छिद्र कोण शोधणार? मी ग्रामसभेत ठराव मांडला, तो मंजूर करून घेतला आणि त्याची प्रत घेऊन गेलो. पथकांतील रिक्त जागांविषयी आमदारांनी तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, प्रश्न दिला. सभागृहात त्याचा क्रमांक लागला नाही, परंतु लेखी उत्तर पटलावर आले. ते उत्तर समाधानकारक नव्हते. तरीही शासनाने जागा रिक्त असल्याचे स्वतःच्या सहीने मान्य केले, आणि पुढच्या प्रत्येक निवेदनाला मी तो कागद जोडत आलो आहे. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जाते, पटलावरचे उत्तर कुठे जात नाही.

इचलकरंजीतील एक आई

आमचे घर यंत्रमागावर चालते. माझ्या मुलाला एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, हा स्नायू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार होता. पाचव्या महिन्यातही मान धरत नव्हता. निदान झाले तेव्हा आम्हाला प्रथम १६ कोटींच्या इंजेक्शनविषयी सांगण्यात आले. तो आकडा ऐकून माझे सासरे उठून माग चालू करायला गेले, कारण त्यांना दुसरे काय करावे ते सुचेना.

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये आले. त्यातील मदतीची मर्यादा २० लाख होती, ती मे २०२२ मध्ये ५० लाख झाली आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणातील केंद्रांपैकी एक आहे. आम्ही नाव नोंदवले. खासदारांच्या संपर्क कार्यालयात मी पाच वेळा गेले. त्यांनी दिल्लीला पत्र लिहिले, त्याची पोच मला दाखवली आणि प्रत्येक वेळी आदराने वागवले. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझा मुलगा गेला. तो १९ महिन्यांचा होता.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या कार्यालयात गेले नाही, वर्षभराने मात्र पुन्हा गेले. कार्यालयातील एक दादा मला पाहून अवघडले. मी त्यांना म्हणाले, “आता मला माझ्यासाठी काहीच मागायचे नाही, म्हणून तरी ऐका.” खरे सांगते, त्या दिवशी माझे बोलणे जितके शांतपणे ऐकले गेले, तितके पूर्वी कधी ऐकले गेले नव्हते. माझी मागणी अशी आहे की, ५० लाखांची मर्यादा एकदाच संपते, औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते, तेव्हा अशा आजारांसाठी वर्षानुवर्षे चालू राहणारी तरतूद असावी. रिस्डिप्लाम या एसएमएवरील औषधाच्या एका बाटलीची किंमत सुमारे ६ लाख रुपये होती. न्यायालयातील लढाईनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे भारतीय जेनेरिक औषध १५,९०० रुपयांना बाजारात आले. ती बातमी मी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून कपाटात ठेवला. सरकारला परवडत नाही, असे जे कारण आम्हाला सांगितले जात होते, ते आता पूर्वीसारखे सांगता येणार नाही, म्हणून तो पेपर मी प्रत्येक भेटीला बरोबर नेते.

गडहिंग्लज येथील निवृत्त प्राथमिक शिक्षक, नातवाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार आहे

निवेदन एका पानाचे असावे. पहिल्या परिच्छेदात मागणी असावी, व्यथा दुसऱ्या परिच्छेदात. बहुतेक पालक उलट लिहितात आणि साहेबांचा वेळ व्यथेतच संपतो. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत आहेत, याचा उल्लेख जरूर करावा, म्हणजे आपण दया नव्हे तर हक्क मागतो आहोत हे दिसते.

मी माझ्या निवेदनात आणखी एक वाक्य लिहितो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा संस्थानाची तिजोरी काही ओसंडून वाहत नव्हती. हे वाक्य वाचून कोल्हापूरचा कोणताही लोकप्रतिनिधी क्षणभर थांबतो, असा माझा अनुभव आहे.

कोल्हापूर शहरातील एक रिक्षाचालक वडील

मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. त्याचे उपचार साधारण अडीच वर्षे चालतात आणि आमचे १४ महिने झाले आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचे, सकाळी मुंबईत उतरून परळला जायचे आणि मुक्काम वाढला तर दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत राहायचे, असा आमचा क्रम आहे.

विधिमंडळाचे अधिवेशन मार्चमध्ये मुंबईत होते आणि मीही मार्चमध्ये मुंबईतच होतो. तेव्हा विचार केला की, कोल्हापुरात आमदारसाहेबांच्या घरासमोर रांगेत उभे राहण्यापेक्षा येथेच भेटावे. सकाळी लवकर आमदार निवासात गेलो. मी म्हणालो, योजनेविषयी माझी तक्रार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमोथेरपी झाली आणि आता त्या योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांची आहे, हेही मला माहीत आहे. ते म्हणाले, “मग अडचण काय आहे? सगळे मोफतच आहे की.” मी खिशातून वही काढली. त्या वहीत मी पहिल्या दिवसापासून रेल्वेचे भाडे, टॅक्सी, बाहेरचे जेवण, उकळलेले पाणी मिळत नाही म्हणून विकत घेतलेल्या बाटल्या आणि रिक्षा बंद राहिली तेवढे दिवस, असे सर्व लिहून ठेवले आहे. त्यांनी ती वही उभ्याउभ्याच चार-पाच पाने चाळली, मग खुर्चीत बसून शेवटपर्यंत वाचली. पुढे त्यांच्या भाषणात, कर्करोगाच्या मुलांचे मधले उपचार जिल्ह्याच्या ठिकाणीच द्यावेत, अशी मागणी आली. प्रवासखर्चाविषयी अजून काही झालेले नाही. सर्व पालकांना माझी विनंती आहे की वही ठेवावी. आपण रडलो तर समोरचा माणूस हळहळतो, पण वही समोर ठेवली की त्याला उत्तर द्यावे लागते.

शिरोळ तालुक्यातील एक आई

वरील सर्व अनुभव वाचून मला एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे आणि ती १४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिला एका निवेदनासाठी बरोबर नेले. तेथे कोणीतरी फोटो काढला, तो सगळीकडे गेला आणि शाळेत तिला ‘इंजेक्शनवाली’ म्हणू लागले. ती तीन दिवस शाळेत गेली नाही. ती चूक माझी होती. मुलाला पाहून समोरच्याचे मन द्रवते हे मला मान्य आहे, परंतु त्याची किंमत मूल भरते.

यंदा तिने स्वतः पत्र लिहिले. अट एकच होती, फोटो नाही. तिने लिहिले होते की, मला दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते, बोटाला सुई टोचून साखर तपासावी लागते आणि त्या पट्ट्या संपत आल्या की आई माझ्याकडे बघत नाही, पट्ट्यांच्या डबीकडे बघते. हे मला ठाऊक नव्हते. पत्रातील मुद्दा मात्र तिने नेमका पकडला होता. विमा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देते, आणि आपली सारी धडपड मूल दाखल होऊ नये यासाठी असते. रोजच्या इन्सुलिनसाठी व पट्ट्यांसाठी पैसे देणारी तरतूद असेल, तर शरीरात आम्ल वाढून मूल अतिदक्षता विभागात जाण्याची वेळ टळते. आमदारांनी तिला उत्तर पाठवले, तिच्या नावाने, टपालाने. ते तिने कोणालाही दाखवलेले नाही, मलासुद्धा नाही.

मूळच्या शुक्रवार पेठेतील, सध्या अमेरिकेत राहणाऱ्या एक आई

येथे मुलांच्या रुग्णालयांच्या पुढाकाराने कुटुंबे वॉशिंग्टनला जाऊन प्रतिनिधींना भेटतात. आम्हीही गेलो, कारण आमचा मुलगा २४ आठवड्यांत जन्मला होता. येथे गरीब मुलांसाठी मेडिकेड ही सरकारी आरोग्य विमा योजना आहे आणि त्या मर्यादेच्या थोड्या वर असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी १९९७ पासून चिप नावाची योजना आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या योजनेच्या निधीची मुदत संपली आणि काही महिने तो टांगणीला लागला. जानेवारी २०१८ मध्ये सहा वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि पुढच्याच महिन्यात ती दहा वर्षांची करण्यात आली. आमचा पहिला धडा असा होता की, मिळालेला निधीसुद्धा दर काही वर्षांनी पुन्हा मागावा लागतो. तिकडचे आणि इकडचे यात मला एवढाच फरक दिसतो की, येथे कुटुंबांना आधी कोणीतरी बसवून शिकवते. आपल्याकडे प्रत्येक आई हे एकटीने शिकते.

एका लोकप्रतिनिधींचे माजी स्वीय सहायक, करवीर तालुका

लेखाशीर्षाच्या प्रश्नावर काही वर्षे टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस म्हणून लिहितो. आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून एका रुग्णाच्या उपचाराचे पैसे देता येत नाहीत. अनेक पालक तेच मागतात आणि नाराज होऊन परततात. परंतु सरकारी रुग्णालयासाठी उपकरणे घेता येतात. वैयक्तिक मदतीसाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, खासदारांच्या पत्राने पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आहे, आणि धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. खोली, फिल्टर, तपासणी अशा सोयींसाठी जिल्हा नियोजन समितीकडे जावे. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. रुग्णालयाकडून प्रस्ताव गेल्याशिवाय समिती पैसे देऊ शकत नाही, म्हणून आधी रुग्णालयाच्या प्रमुखांना भेटावे, नंतर आमदारांना.

वेळेविषयीही सांगतो. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो, पण खात्यांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी तयार झालेले असतात. फेब्रुवारीत निवेदन देणाऱ्यांची गर्दी असते, गणपतीनंतर कोणीच येत नाही. यायला हवे ते तेव्हा.

प्रारंभीच्या लेखिकेकडून

माजी स्वीय सहायकांचे पत्र मी छापून सातही कुटुंबांना दिले. रुग्णालयाच्या प्रमुखांना आम्ही भेटलो. त्यांनी प्रस्ताव करायला सांगितला, फिल्टरची वार्षिक संख्या आमच्याकडूनच मोजून घेतली आणि तो जिल्हा नियोजन समितीकडे पाठवला आहे. मुलांच्या खोलीचा मुद्दा सध्या बाजूला ठेवावा लागला, याचे वाईट वाटते. पालकमंत्र्यांनी भेटीसाठी येत्या गुरुवारी सकाळी ११ ची वेळ दिली आहे. मुलीचा रक्त घेण्याचा दिवसही तोच आहे, त्यामुळे तिच्याजवळ तिची आजी बसेल आणि मी इचलकरंजीच्या ताईंबरोबर जाईन. रिक्षाचालक दादांनी त्यांची वही आमच्याकडे दिली आहे. आणखी कोणाकडे खर्चाची वही असेल, तर बुधवारपर्यंत पोहोचवावी.