मागच्या तारखेचा ठराव: कंपनीच्या वकिलाने कुठे थांबावे?

सनद_कपाटात यांचा प्रश्न

मी चार वर्षांपासून पुण्याजवळच्या एका खासगी उत्पादक कंपनीच्या कायदा विभागात नोकरी करते. पूर्णवेळ पगारी नोकरी असल्याने बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, स्थगित करून घेतली आहे. कंपनीने १० फेब्रुवारीला एका संचालकाच्या भावाची भागीदारी असलेल्या फर्मकडून गोदाम भाड्याने घेतले, परंतु त्यासाठी संचालक मंडळाची संमती घ्यायची राहून गेली. आता एप्रिल उजाडला असून लेखापरीक्षक कागद मागत आहेत, आणि वित्तप्रमुखांनी मला २५ जानेवारीच्या तारखेचा ठराव व त्या दिवशीच्या सभेचे कार्यवृत्त तयार करायला सांगितले आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी सभा झालीच नव्हती. ज्यांची उपस्थिती दाखवायची आहे त्यांपैकी एक संचालक तर त्या आठवड्यात परदेशात होते. मी का-कू केल्यावर ते म्हणाले की भाडे बाजारभावाचेच आहे, कोणाचे नुकसान झालेले नाही, आणि वकिलाने अशिलाचे काम करायचे असते, न्यायाधीश व्हायचे नसते. या शेवटच्या वाक्याला मला उत्तर सुचले नाही. ते बरोबर आहे का?

फोर्टकर यांचे उत्तर

ताई, ते वाक्य बरोबर आहे, पण ते न्यायालयातले आहे आणि तुमच्या वित्तप्रमुखांनी ते बैठकीच्या खोलीत आणले आहे. बार कौन्सिलच्या नियम ११ प्रमाणे वकिलाने न्यायालयापुढचे, न्यायाधिकरणापुढचे किंवा अन्य प्राधिकरणापुढचे प्रकरण साधारणपणे स्वीकारलेच पाहिजे. खुनाच्या आरोपीलाही वकील मिळाला पाहिजे, या तत्त्वाचे मूळ तिथे आहे. तिथे समोर विरुद्ध पक्षाचा वकील असतो, वर न्यायाधीश असतो, आणि जे घडायचे ते आधीच घडून गेलेले असते. तुमच्या टेबलावर यातले काहीच नाही. समोर कोणी हरकत घेणारा नाही, आणि कृत्य अजून घडायचे आहे, तेही तुमच्याच हातून.

जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ खालची उदाहरणे वाचून पाहा. १ जुलै २०२४ पासून तो विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आला आहे. अशील म्हणतो, ‘मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा’, तर ते बोलणे गोपनीय राहते; परंतु तो म्हणाला, ‘या खोट्या दस्ताच्या आधारे मला ताबा मिळवून द्या’, तर त्याला संरक्षण नाही. सारा फरक झालेल्या आणि करायच्या गोष्टीतला आहे. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पूर्णवेळ पगारावरच्या कायदा अधिकाऱ्याला कलम १३२ चे संरक्षण मिळत नाही. म्हणजे वकिलाचे कवच तुमच्याकडे नाही आणि सहीची जोखीम मात्र आहे. चुकीचा सल्ला दिला म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नारायण राव प्रकरणात २०१२ मध्येच ठरले आहे, पण त्याच निकालाने फसवणुकीच्या कटात सक्रिय सहभाग असलेल्याला सोडलेले नाही.

मिनिटबुक यांचे उत्तर

मी कंपनी सचिव आहे, त्यामुळे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून कागदाचे बोलतो. कार्यवृत्ताशी छेडछाड सिद्ध झाल्यास कंपनी कायद्याच्या कलम ११८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि परदेशातल्या संचालकाच्या पासपोर्टावरचा शिक्का कोणाच्या सांगण्याने बदलत नाही.

गंमत म्हणजे या खोटेपणाची गरजच नाही. कलम १८८ मध्येच सोय आहे की संमतीशिवाय झालेल्या अशा कराराला मंडळाला तीन महिन्यांच्या आत मान्यता देता येते. तुमची मुदत मे महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास संपते. नोटीस काढून सभा बोलवा, संबंधित संचालकांना हितसंबंध जाहीर करायला सांगा, आणि एप्रिलच्या खऱ्या तारखेने, संमती आधी घेतली नव्हती हे नमूद करून ठराव करा. आज सही केलेल्या करारात ‘१ एप्रिलपासून अंमल’ असे लिहिणे रास्त असते. आजच्या सहीखाली जानेवारीची तारीख टाकणे ही बनावट. लोक हे दोन्ही एकाच वाक्यात उरकतात.

जुना_कायदा_अधिकारी यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे मान्य आहेत, पण मला हा प्रश्न सोपा वाटतो, कारण इथे खोटे काय ते डोळ्यांना दिसते. आमच्या व्यवसायातली खरी अडचण तिथे असते जिथे प्रत्येक कागद कायदेशीर असतो. जनरल मोटर्सचे उदाहरण घ्या. त्यांच्या काही गाड्यांची किल्ली धक्क्याने फिरून इंजिन बंद पडे आणि एअरबॅग उघडत नसे. कंपनीच्या वकिलांकडे अपघातांचे दावे येत होते, बाहेरचे वकील मोठ्या दंडात्मक भरपाईचा धोका लिहून कळवत होते, आणि दावे एकेक करून तडजोडीने मिटवले जात होते. तडजोड करणे हे वकिलाचे कामच आहे. पण विधी विभागाच्या प्रमुखापर्यंत ही गोष्ट वेळेवर पोहोचली नाही. गाड्या परत बोलावणे २०१४ मध्ये सुरू झाले आणि पुढे भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. नोकरीवरून काढलेल्यांत वकीलही होते.

अमेरिकेत एन्रॉन कंपनीच्या हिशेब घोटाळ्यानंतर २००२ च्या कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या वकिलांवर गैरप्रकाराचा पुरावा दिसल्यास तो मुख्य विधी अधिकाऱ्याकडे आणि तिथे दाद न लागल्यास संचालक मंडळाकडे नेण्याचे बंधन घातले गेले. आपल्याकडे कंपनी कायद्याच्या कलम १४३ खाली लेखापरीक्षकाला अफरातफर कळवावी लागते. वकिलाला तसे बंधन नाही. म्हणून कोणाकडे जायचे ते ताईंनाच ठरवावे लागेल. अशील ही कंपनी आहे, वित्तप्रमुख नव्हेत, एवढे धरून चालले तरी मार्ग दिसतो. आणि गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्याला हे सांगणे सोपे आहे, करणे नाही, याची मला जाणीव आहे. मी स्वतः दोनदा गप्प बसलो आहे.

सनद_कपाटात यांचे उत्तर

सर्वांचे आभार. मिनिटबुक सरांचा मार्ग एका पानाच्या टिपणात लिहून काल वित्तप्रमुखांना आणि त्याची प्रत व्यवस्थापकीय संचालकांना पाठवली. वित्तप्रमुख माझ्याशी बोललेले नाहीत. सभेची नोटीस मात्र आज सकाळी निघाली आहे.