मदत हवी आहे: फुटबॉलच्या मैदानावर खरं गवत लावावं की टर्फ? (लातूर जिल्हा)

नमस्कार मंडळी,

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. आमच्या तालुक्याच्या गावात जुन्या शाळेचं मोठं मैदान आहे. पुण्यात, हैदराबादला नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तिथं फुटबॉलचं नीट मैदान करायचं ठरवलंय. समितीत मलाही ओढलं, कारण गावात फुटबॉलला पाय लावलेला सगळ्यात जुना माणूस मीच.

आता दोन तट पडलेत. तरुण पोरं म्हणतात टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत टाका. लातूर, नांदेड, संभाजीनगरला रात्री लाइटात तासाच्या भाड्यानं टर्फवर खेळून आलीत, त्यांना दुसरं काही दिसत नाही. जुनी मंडळी म्हणतात, फुटबॉल गवतावरच. मधे मी. मला स्वतःला टर्फकडं जावंसं वाटायलंय, आणि त्याला कारण एकच, पाणी. २०१६ चा उन्हाळा आम्ही काढलेला आहे. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात घागरींच्या रांगा होत्या. पुन्हा तसं साल आलं आणि आम्ही गवताला पाइप लावून बसलो, तर लोक दगड मारतील. त्याच वर्षी हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते, आठवत असेल.

जमीन काळी, भारी. पावसाळ्यात पाय रुततो, मेमध्ये भेगा अशा पडतात की टेनिसचा बॉल आत गेला तर गेला. दोन बोअर आहेत. एक होळीच्या आसपास बसतो, दुसरा चालतो पण पाणी मचूळ. रोज साठ-सत्तर लेकरं खेळायला येतात, त्यातली निम्मी अनवाणी. दोन वर्षांपासून मुलींचाही संघ आहे. पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात. शिवाय मैदान कुणाचं? सगळ्यांचंच. २६ जानेवारीची कवायत, सभा, लग्नाचे मंडप, आणि गेट उघडं राहिलं की शेळ्या.

टर्फवाल्या एका कंपनीचा माणूस हातभर तुकडा घेऊन आला होता. म्हणाला, "सर, एकदा टाकलं की दहा वर्षं बघायचं काम नाही." असं खरंच असतं का? ज्यांनी मैदान केलंय किंवा सांभाळलंय त्यांनी कृपया सांगावं. जाहिरातीतलं माझं वाचून झालंय.

काळीमाती:

सर, सिव्हिलमधला आहे, परभणीचा. "बघायचं काम नाही" हे वाक्य ऐकलं की मी त्या माणसाला दारापर्यंत सोडून येतो. टर्फची पाती प्लास्टिकची असली तरी खालची जमीन आपलीच असते. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. आपल्याकडचे रस्ते दोन पावसाळ्यांत कसे लाटा खातात ते रोज बघतोच. तीच लाट टर्फखाली आली तर वरून ब्रश मारून जात नाही, सगळं उचलावं लागतं. म्हणून काळी माती पुरेशी खोल काढून मुरूम, खडी थरांनी दाबून, पाणी काढून देणाऱ्या नळ्या टाकून पाया करावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये आहे का, का नुसता चौरस फुटाचा दर आहे, ते आधी बघा.

देखभाल म्हणाल तर पातींमध्ये वाळू आणि टायरच्या रबराचे दाणे भरलेले असतात. खेळून ते गोलपोस्टपुढं आणि कॉर्नरला सरकतात, जागा कडक होते. ब्रश मारून, दाणे भरून ते सारखं करत राहावं लागतं. चांगलं टर्फ आठ-दहा वर्षं टिकतं, आणि मग वरचा थर नवा टाकायचा, म्हणजे पुन्हा वर्गणी. निघालेल्या जुन्या गालिच्याचं काय करायचं, हेही कुणी सांगत नाही.

खऱ्या गवतालाही पाया लागतोच. चांगल्या मैदानात खडीवर साधारण फूटभर वाळूचा थर असतो, नुसत्या काळ्या मातीवर गवत लावलं तर पावसाळ्यात पुन्हा चिखल. वाळूचे भाव मी सांगायला नको.

मैदानातला:

मी पुण्यात एका क्लबचं मैदान सहा वर्षं सांभाळलं. पाण्याचा हिशेब करून टाकू, म्हणजे भांडण निम्मं मिटेल.

मैदान १०५ बाय ६८ मीटर, कडेची मोकळी जागा धरून अंदाजे ८,२०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात गवताला दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर धरा. झाले ४१,००० लिटर, म्हणजे दहा हजारी चार टँकर, रोज. फेब्रुवारीच्या मध्यापासून मृगापर्यंत चार महिने धरले तर ४९ लाख लिटर. १२ एप्रिल २०१६ ला लातूरला पहिली पाण्याची गाडी आली ती ५ लाख लिटर घेऊन. म्हणजे तुमचं एक मैदान उन्हाळ्यात तशा दहा गाड्या पिणार. तुमची भीती खोटी नाही, सर.

पण हा हिशेब मैदान मेमध्येही हिरवंगार ठेवायचा आहे. मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात ते म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली हरळी, दूर्वा! त्यातल्याच निवडक, बारीक पानाच्या जाती. 'सिलेक्शन वन' आपल्याकडं बरीच वापरतात. ज्या हरळीनं वावर खाल्लं म्हणून आजोबा शिव्या घालायचे, तीच आता पैसे देऊन लावायची. हरळी मरत नाही हे शेतकऱ्याला मी काय सांगणार? पाणी तोडलं की वरून पिवळी पडते, जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात, पाऊस पडला की पुन्हा फुटते. उन्हाळ्यात नुसतं जगवण्यापुरतं पाणी दिलं तरी ती निघते.

अडचण दुसरीकडं आहे. झोपलेल्या गवतावर खेळलं की ते झिजतं आणि भरून येत नाही. तुमचं उन्हाळी शिबिर नेमकं तेव्हाच असणार. एरवीसुद्धा गवताचं मैदान आठवड्याला पंधरा-वीस तासांच्या वर खेळ सोसत नाही. सत्तर लेकरं रोज दोन तास आली, वर भरतीची पोरं धावली, की गोलपुढं टक्कल पडणारच. टर्फ याच्या दुप्पट-तिप्पट तास आरामात घेतं. या एका बाबतीत तुमची पोरं बरोबर आहेत.

रानवारा:

सगळे पाण्यावर बोलायलेत, उन्हाचं कुणीच बोलेना. माझी मुलगी टर्फवर खेळते, छत्रपती संभाजीनगरला. एप्रिलमध्ये चार वाजता सराव ठेवला होता, बुटातून चटका बसत होता. हवा ४२ अंश असली तर टर्फचा पृष्ठभाग ६० च्या वर सहज जातो, काळ्या रबराच्या दाण्यांनी आणखी. पाणी मारलं की थोडा वेळ थंड, मग परत तापतं. आणि तुमची निम्मी लेकरं अनवाणी म्हणता! १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते, पण ते गवतावर. घसरून पडलं की मांडीची साल निघते ती वेगळीच.

२०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात पूर्ण टर्फवर झाला तेव्हा जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी त्याविरुद्ध तक्रार केली होती. नेदरलँड्सनं तर वरच्या लीगमधून २०२५-२६ पासून टर्फ बंदच केलं. ते दाणेही बारीक प्लास्टिक म्हणून पर्यावरणात जातात, त्यामुळं युरोपीय संघात ऑक्टोबर २०३१ नंतर त्यांची विक्री बंद होणार आहे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये टर्फ होतं, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी ते काढून गवत लावलं.

काळीमाती:

ताई, सॉल्ट लेकला पाऊस किती आणि लातूरला किती?

रानवारा:

दादा, म्हणून तर उन्हाचं बोलले. टर्फ टाकलं म्हणून मेमध्ये दुपारी चारला खेळता येणार नाही, आणि गवत असलं तरी येणार नाही. मग "बारा महिने, दिवसभर" हा टर्फचा फायदा आपल्याकडं उरला किती? सकाळचे दोन तास आणि रात्रीचे लाइट लावून.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. रात्री समितीच्या ग्रुपवर तुमचे प्रतिसाद टाकले. ४९ लाख लिटर वाचून गवतवाले गप्प, ६० अंश वाचून टर्फवाले गप्प. गावात एवढी शांतता बऱ्याच दिवसांनी.

कोटेशन परत उघडलं. काळी माती काढण्याचा उल्लेखच नाही, "साइट सपाट करून देणे ग्राहकाकडे" अशी बारीक ओळ आहे. मंडपवाल्याशीही बोललो. तो म्हणाला, सर, खुंट्या न ठोकता मंडप उभा राहत नाही. टर्फला भोक पडलं की पडलं, त्यात लग्नात फटाके. हे ऐकून अर्धा निर्णय तिथंच झाला म्हणा.

मैदानातला:

सर, एक सुचवू का? अख्खं मैदान टर्फचं करूच नका. कडेला ४० बाय २० मीटरचा छोटा चौक करा, ८०० चौरस मीटर, मोठ्याच्या दहाव्या भागाइतका. पाया खोल घ्या, जाळी लावा, कुलूप लावा. रोजचा सराव, उन्हाळी शिबिर, रात्रीचा खेळ तिथं. टायरच्या रबराऐवजी कॉर्क किंवा नारळाच्या काथ्याचे दाणे मिळाले तर बघा, कमी तापतात. मोठ्या मैदानावर हरळी. जूनमध्ये लावली की पावसाळ्यात धरते. सामने जुलै ते फेब्रुवारी, नंतर जगवण्यापुरतं पाणी.

मचूळ बोअरचं पाणी आणि माती परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. क्षार जास्त निघाले तर पास्पलम नावाचं गवत खारं पाणी हरळीपेक्षा जास्त सोसतं. नगरपरिषदेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू असेल तर तिथलं पाणी मागा. त्यावर दगड मारायला कुणी येणार नाही.

धागाकर्ता:

चौकाची कल्पना पोरांना पटली, मुलींच्या संघाला जास्तच, कारण कुलूप आणि लाइट. मोठ्या मैदानासाठी २०२५ च्या सप्टेंबरसारखा पाऊस झाला तर पाणी कुठं काढायचं ते काळीमाती यांनी एकदा येऊन बघावं ही विनंती, जेवण माझ्याकडं. पाण्याची बाटली भरून ठेवलीय, सोमवारी परभणीला निघतो.

आता शेवटचं एकच. सिलेक्शन वनची रोपं मराठवाड्यात कुठली नर्सरी खात्रीनं देते का? पुण्याहून आणली तर वाटेत वाळतील का? आणि शेळ्यांचं काय करायचं, तेही सांगा.