ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला स्मृतिभ्रंश होत नाही काय?

विजापूर वेस
मालदांडी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि घरचे ताक यांवर वाढलेल्या सोलापूरकरांना स्मृतिभ्रंश ठाऊकच नव्हता, कारण आतडे निरोगी तर मेंदू निरोगी, हे विज्ञानाने आता सिद्ध केले आहे, असे ‘मंगळवेढेकर’ यांनी काल लिहिले. इतक्या ठामपणे लिहिलेले वाचून गप्प बसवले नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या आतड्यांतील जीवाणूंचे वैविध्य कमी असल्याचे 2017 मध्ये दाखवले गेले, आणि 2023 मध्ये अशा रुग्णांचे जीवाणू उंदरांच्या आतड्यांत सोडल्यावर उंदरांची स्मरणशक्ती खालावली, हे खरे. परंतु विसरू लागलेला माणूस जेवणही कमी आणि तेच ते करू लागतो. तेव्हा जीवाणूंमुळे आजार की आजारामुळे जीवाणू, हा प्रश्न उंदरांवरून सुटत नाही. माणसांवर ‘माइंड’ या मेंदूसाठी म्हणून आखलेल्या आहाराची चाचणी अमेरिकेत झाली. पासष्टीच्या पुढचे 604 जण आणि तीन वर्षांचा काळ, एवढा खटाटोप करूनही पालेभाज्या, बेरी व सुकामेवा खाणारा गट आणि नेहमीचेच अन्न थोडे बेताने खाणारा गट यांच्या बौद्धिक क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. राहिली जुनी पिढी. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण काय पिझ्झा खाणाऱ्यांनी रचली?

मंगळवेढेकर
लंडनच्या किंग्ज कॉलेजची 2024 मधील चाचणी आपण सोयीस्करपणे वगळलीत. साठीच्या पुढच्या जुळ्यांच्या 36 जोड्यांत एकाला तंतुमय पूड आणि दुसऱ्याला नुसती दिखाऊ पूड दिली, तर बारा आठवड्यांत तंतुमय पूड घेणाऱ्यांची स्मरणाच्या चाचणीतील कामगिरी सुधारली. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. माझी आजी नव्वदीतही गावातल्या प्रत्येक घराची सोयरीक तीन पिढ्यांपर्यंत सांगत असे आणि सकाळी शिळी भाकरी ताकात कुस्करून खात असे. तिच्यापुढे आपले 604 अमेरिकन मला सांगू नका.

विजापूर वेस
त्या पुडीत इन्युलिन आणि तत्सम तंतू होते, ज्वारी नव्हती. स्नायूंची ताकद वाढते का, हा त्या चाचणीचा मुख्य प्रश्न होता आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले. बारा आठवड्यांत एका चाचणीचे गुण वाढणे आणि स्मृतिभ्रंश टळणे यांत फार अंतर आहे. आजीचाच दाखला चालत असेल, तर माझी आईही तीच कडक भाकरी खात होती. शेवटी शेवटी ताट उचलून पाच मिनिटे होत नाहीत तोच ती दारात जाऊन, “मला आज कुणी वाढलेच नाही,” असे शेजारणीला सांगत असे.

शेळगीकर
आपण दोघेही ताटाभोवतीच फिरत आहात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे दिली; त्यांत आहार स्वतंत्रपणे नाही, बहिरेपण मात्र अग्रभागी आहे. यंत्रमागांच्या या शहरात त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. माझ्या वडिलांची उभी हयात मागाच्या खडखडाटात गेली. कारखान्यात कानात घालायला कापसाचा बोळाही कुणी दिला नाही. पुढे ते विचारलेल्याचे भलतेच उत्तर देऊ लागले, तेव्हा आम्ही सर्वांनी ‘भ्रम झाला’ असे ठरवून त्यांच्याशी बोलणेच कमी केले.

मंगळवेढेकर
दुःख समजते, परंतु विषय आतड्यांचा आहे. उद्या कुणी चादरीचाही संबंध जोडेल. शिवाय श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो, हे तरी कुठे सिद्ध झाले आहे?

शेळगीकर
सरसकट नाहीच झाले. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर झालेल्या चाचणीत एकूण फरक पडला नाही. ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांच्यात मात्र तीन वर्षांतली बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. आपल्या भाकरीच्या बाजूने एवढे तरी दाखवा.

जुळे सोलापूर
चाचण्या करणाऱ्यांनी एकदा आमच्या घरी येऊन पाहावे. सासऱ्यांचे कानाचे यंत्र आणि दातांची कवळी एकाच खणात पडून असतात, कारण एक शिट्टी मारते आणि दुसरी हिरडीला टोचते. दातच नसलेल्या माणसाला कडक भाकरीचे गुण सांगून काय उपयोग? ते दिवसभर चहात खारी बुडवून खातात. भाकरी मऊ करून, दुधात कालवून भरवायची कुणी, याबद्दल येथील एकाही विद्वानाने लिहिले नाही. त्यांचे विसरणे वाढले, तेव्हा एका डॉक्टरांनी “वय झाले” म्हणून बोळवण केली. दुसऱ्यांनी रक्तातले बी-12 जीवनसत्त्व तपासले, ते फारच कमी निघाले आणि इंजेक्शनांनी बराच फरक पडला. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे चालू आणि खाणे निव्वळ शाकाहारी, मग बी-12 घटणार नाही तर दुसरे काय होणार? तंतूंवर भांडण्याआधी ही एक तपासणी तरी करा.

विजापूर वेस
ताईंचे म्हणणे बिनतोड आहे. मंगळवेढेकरांसाठी एवढेच मान्य करतो की, मधुमेह आणि वाढलेले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ही दोन्ही त्या 14 कारणांत आहेत. तंतुमय जेवणाने ती आटोक्यात राहण्यास मदत होते, तेवढ्यापुरती भाकरी उपयोगी.

मंगळवेढेकर
म्हणजे भाकरी मागच्या दाराने घरात आली तर! आपल्यासारख्या चिकित्सकाकडून एवढी भीक मिळाली, हेही नसे थोडके. ‘सिद्ध झाले’ऐवजी ‘संशोधन चालू आहे’ असे वाचावे. आजीबद्दलचे वाक्य मात्र बदलणार नाही.

शेळगीकर
आणि कानांचे काय?